व्ही-१७३: पंख नसलेलं विमान, की नुसताच पंख असलेलं?

वातकुक्कुट

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी एक फोटो डकवला होता. जवळजवळ गोल विमान, वरून पिवळं, दोन काटकुळ्या उंच पायांवर नाक आभाळाकडे करून बसलेलं आणि दोन्ही कडांना अवाढव्य प्रोपेलर. खाली लगेच "हे एआयचं काम दिसतंय" असे प्रतिसाद आले आणि धागा क्रिकेटकडे वळला. ते विमान खरं आहे. नाव व्हॉट व्ही-१७३; व्हॉट ही अमेरिकन विमान कंपनी. १९४२ ते १९४७ या काळात त्याने १९० उड्डाणं केली, एकूण १३१ तास ते हवेत होतं, आणि आजही शाबूत आहे. त्याच्याविषयी जे वाचलंय ते एका जागी लिहून ठेवतोय. थोडा तांत्रिक भाग आहे, पण तो गाळला तर नुसती गंमत उरते, म्हणून ठेवलाय.

हे डोकं चार्ल्स झिमरमनचं. कॅन्सस विद्यापीठातून इंजिनिअर होऊन हा गडी १९२९ साली व्हर्जिनियातल्या लँगली इथे नाकाच्या प्रयोगशाळेत लागला (नाका म्हणजे आजच्या नासाची आई). तिथे त्याला एका प्रश्नाने पछाडलं: पंख लांबलचकच का लागतात?

उत्तर असं. उडताना पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त, वर कमी. खालची हवा सतत वर जायची वाट शोधत असते, आणि पंखाचं टोक आलं की तिला ती सापडते. टोकाला वळसा घालून ती वर जाते, तिचा भोवरा होतो, तो विमानाच्या मागे लांबवर फिरत राहतो. त्या भोवऱ्यात जी ताकद जाते ती इंजिनाच्याच खिशातून. पंख लांब आणि अरुंद असला तर टोकाचा हिस्सा कमी, म्हणून नुकसान कमी. आखूड आणि रुंद पंखाचं अर्धं आयुष्य त्या भोवऱ्यातच जातं. म्हणून ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद असतात.

झिमरमनने आखूड, गोलसर पंखांचे नमुने वातबोगद्यात घालून पाहिले. त्याला दिसलं की असा पंख इतर बाबतींत आळशी असला तरी एका बाबतीत चिवट आहे. नेहमीचा पंख पंधरा-वीस अंश नाक वर केलं की स्टॉल होतो, म्हणजे वरचा प्रवाह सुटतो आणि विमान खाली येतं. हा गोल पंख त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत हवा धरून ठेवतो. म्हणजे विमान नाक खूप वर करून, अगदी सावकाश उडू शकेल. अडचण फक्त त्या भोवऱ्यांची.

आणि इथे त्याची खरी कल्पना येते. प्रोपेलर विमानाच्या मध्यावर न ठेवता पंखांच्या टोकांवर ठेवायचे, आणि भोवरा ज्या दिशेने फिरतो त्याच्या बरोबर उलट फिरवायचे. मागून पाहिलं तर डावीकडचा भोवरा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, तर डावा प्रोपेलर काट्यांच्या उलट. उजवीकडे याचा आरसा. भोवरा आणि प्रोपेलर एकमेकांना खाऊन टाकतात. शिवाय प्रोपेलर इतके मोठे घ्यायचे की त्यांचा झोत जवळजवळ सगळ्या पंखावरून जाईल. मग विमान स्वतः सावकाश चाललं तरी पंखाला वारा मिळतच राहतो.

१९३३ मध्ये नाकाच्या अंतर्गत हलक्या विमानांच्या स्पर्धेत त्याच्या आराखड्याला पहिला नंबर मिळाला. बांधायला मात्र पैसे मिळाले नाहीत, फारच पुढचं आहे म्हणून. त्यात प्रवासी पालथे झोपून जाणार होते हे कळल्यावर मला त्या समितीचा फार राग येत नाही. दरम्यान याने लँगलीत दोन भलतेच उपयोगी वातबोगदे उभे केले. एकात हवा खालून वर वाहते आणि मॉडेल गिरकी खात त्यात सोडतात, म्हणजे विमान गिरकीतून सावरतं का ते कळतं. दुसऱ्यात मॉडेल मोकळं उडतं. झिमरमनने बाकी काही केलं नसतं तरी एवढ्यावर त्याचं नाव राहिलं असतं.

१९३७ साली तो व्हॉट कंपनीत गेला. तिथे आधी विजेवर चालणारं मॉडेल झालं, ते नौदलाने पाहिलं. नौदलाचा स्वार्थ उघड होता. विमानवाहू जहाजाचा डेक आखूड, आणि लढाऊ विमानं दरवर्षी जड आणि वेगवान होत चाललेली. जे विमान वेगात पळेल पण उतरताना मुंगीच्या पावलाने येईल ते त्यांना हवंच होतं. १९४० मध्ये व्ही-१७३ ची ऑर्डर निघाली. १९४१ मध्ये अख्खं विमान लँगलीच्या भल्या मोठ्या वातबोगद्यात टांगून तपासलं.

आता आकडे. पंखांचा विस्तार ७.१ मीटर, क्षेत्रफळ जवळपास ४० चौरस मीटर. विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ केलं की पंख किती लांबोडका आहे ते कळतं: इथे १.२७. त्याच कंपनीच्या कॉर्सेअर लढाऊ विमानाचा हा आकडा पाचाच्या वर. सांगाडा लाकडी, वर कापड. वजन १,०२४ किलो. इंजिनं दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची काँटिनेंटल, म्हणजे छोट्या शिकाऊ विमानांना बसवतात ती. आणि प्रोपेलर? व्यास ५ मीटर. २,००० अश्वशक्तीच्या कॉर्सेअरचा प्रोपेलर ४ मीटरचा होता, आणि तो जमिनीला लागू नये म्हणून त्यांना पंख वाकवावे लागले होते. झिमरमनने पंख वाकवले नाहीत, पाय लांब केले. म्हणून ते विमान जमिनीवर २२ अंशांत नाक वर करून बसतं. वैमानिकाला पुढचं काही दिसेना, तेव्हा नाकाच्या खालच्या बाजूला काचा बसवल्या, पायांमधून धावपट्टी बघायला.

२३ नोव्हेंबर १९४२. कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डला बून गायटनने ते पहिल्यांदा उडवलं. हा कॉर्सेअरचा चाचणी वैमानिक. १९४० मध्ये कॉर्सेअरचा पहिलाच नमुना इंधन संपत आल्यामुळे पावसात गोल्फच्या मैदानावर उतरवून झाडांत घालणारा आणि त्यातून जिवंत बाहेर येणारा माणूस. १३ मिनिटांचं उड्डाण, आणि नियंत्रणं इतकी जड की वळण घेताना त्याचे हात भरून आले. पुढे ती दुरुस्त झाली. नंतर कळलं की हे विमान स्टॉल करता येत नाही. काठी पूर्ण मागे ओढली तरी ते नाक ४५ अंश वर करून तरंगत राहायचं. गिरकीतही जायचं नाही. चार्ल्स लिंडबर्गनेही ते उडवलं, तेव्हा तो व्हॉटला कॉर्सेअरच्या कामात मदत करत होता. त्याला ते हाताळायला अनपेक्षितरीत्या सोपं वाटलं.

एकदा ते समुद्रकिनाऱ्यावर तातडीने उतरवावं लागलं. उतरता उतरता वैमानिकाला दिसलं की समोर वाळूत दोन माणसं पहुडलीयत. त्याने ब्रेक दाबून धरले, विमान पुढच्या पुढे उलटं झालं. वैमानिक धड, विमानही जवळजवळ धड.

नौदलाने मग खरं लढाऊ विमान मागितलं, एक्सएफ५यू-१. सगळं धातूचं, १,३५० अश्वशक्तीची दोन इंजिनं, अपेक्षित वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते कारखान्याबाहेर आलं, म्हणजे युद्ध संपता संपता. त्याचे खास प्रोपेलर वेळेत आले नाहीत, कॉर्सेअरचे लावून जमिनीवर चाचण्या केल्या. धावताना इंच-दोन इंच उचललं असेल, त्याला कुणी उड्डाण म्हणत नाही. पुढच्या चाचण्यांसाठी ते पनामा कालव्यातून जहाजाने कॅलिफोर्नियाच्या मुरॉक इथल्या सुक्या तलावावर न्यायचं ठरत होतं. १७ मार्च १९४७ ला नौदलाने प्रकल्प बंद केला आणि विमान मोडायचा हुकूम दिला.

माझं मत: कल्पना नापास झाली नव्हती. वाट पाहता पाहता वेळ संपली. मतभेद असतील तर येऊ द्या.

उनाड_पतंग

वा! वाचनखूण साठवली आहे. अमेरिकन लोक त्याला फ्लाइंग पॅनकेक म्हणायचे असं दिसतंय. आमच्याकडे असतं तर उडतं धिरडं झालं असतं आणि नौदलाने मागवताना चटणी वेगळी मागितली असती.

एक भाबडा प्रश्न. प्रोपेलर टोकाला आहेत. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्या टोकाचा प्रोपेलर विमानाला भिंगरीसारखं फिरवणार नाही का?

वातकुक्कुट

@उनाड_पतंग, प्रश्न भाबडा नाही, नेमका आहे. इंजिनं प्रोपेलरपाशी नाहीत, आत पंखाच्या पोटात आहेत. तिथून शाफ्ट निघून टोकांकडे जातात, आणि दोन्ही बाजू आडव्या शाफ्टने एकमेकींना जोडलेल्या. एक इंजिन गेलं तर उरलेलं इंजिन दोन्ही प्रोपेलर फिरवतं. ताकद निम्मी होते, पण ओढ सारखी राहते.

गिअरबॉक्स_चिंचवड

इथे मला बोलणं भाग आहे, कारण पोटापाण्यासाठी मी दातेच कापतो.

वातकुक्कुट यांनी "आडवा शाफ्ट" दोन शब्दांत उरकलं. हिशोब करा. ही छोटी काँटिनेंटल इंजिनं मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेतात. ५ मीटरचा प्रोपेलर थेट त्यावर लावला तर टोकाचा वेग सेकंदाला ७०० मीटर, म्हणजे आवाजाच्या दुप्पट. प्रोपेलर राहणारच नाही. टोक सेकंदाला अडीचशे मीटरच्या आत ठेवायचं तर साडेनऊशे फेऱ्यांच्या खाली यायला हवं, आणि एवढा मोठा प्रोपेलर खरं तर याहून बराच सावकाश फिरवायचा असतो. म्हणजे वेग उतरवणारे गिअर आले, इंजिनाकडून टोकाकडे जायला काटकोन आले, पुन्हा प्रोपेलरकडे वळायला काटकोन. काटकोन म्हटलं की बेव्हल गिअर.

बेव्हल गिअरची जोडी बसवताना काय करतो सांगतो. एकाच्या दातांना निळा रंग लावायचा, हाताने फिरवायचं, आणि दुसऱ्याच्या दातावर ठसा कुठे उमटतो ते बघायचं. दाताच्या मधोमध लंबगोल ठसा आला तर ठीक. टोकाकडे सरकला तर शिम (फट भरायची पातळ पत्र्याची चकती) काढा, शिम घाला, परत रंग लावा. हे कास्ट आयर्नच्या जाड घरात, जे हलत नाही. आता तोच गिअर विमानाच्या पंखात ठेवा. पंख उडताना वाकतो, पिळतो. जमिनीवर मधोमध आलेला ठसा हवेत कुठे जाईल याची कुणालाच खात्री नाही.

८० अश्वशक्तीला हे सगळं माफ आहे. १,३५० ला नाही. माझं स्पष्ट मत: जेटमुळे हे विमान बंद पडलं असं सगळे म्हणतात, पण याला जेटने मारलं नाही, गिअरबॉक्सने मारलं.

शंकेखोर

लेख चांगला आहे, पण "कल्पना नापास झाली नव्हती" हे पटत नाही.

व्ही-१७३ चं वजन १,०२४ किलो आणि पंख ४० चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला २६ किलो. इतक्या हलक्या भाराला गोल पंख, चौकोनी पंख, कसलाही पंख सावकाश उडेल. एक्सएफ५यू चं वजन साडेसात टनांच्या घरात आणि पंख थोडासाच मोठा. चौरस मीटरला १७० किलोच्या वर. सहापटीहून जास्त. लाकडी विमानाने जे करून दाखवलं त्यातून या लोखंडाबद्दल काय सिद्ध होतं? बरं, ते उडालंच नाही. मग या विमानाबद्दल लोक सांगतात ते "जवळजवळ उभं उड्डाण" वगैरे सगळं कागदावर.

वातकुक्कुट

@शंकेखोर, अर्धा हिशोब मांडलात. उरलेला अर्धा मी मांडतो. व्ही-१७३ ला एका अश्वशक्तीमागे ६.४ किलो ओझं होतं, एक्सएफ५यू ला २.८. या विमानाचा सगळा खेळ प्रोपेलरच्या झोतावर आहे. झोत दुपटीहून दमदार झाला तर जड विमानालाही सावकाश धरता येतं, निदान गणित तसं सांगतं. ते खरं ठरलं असतं की नाही हे कळायच्या आत विमान मोडलं, आणि माझं दुखणं तेवढंच आहे. नापास व्हायलाही परीक्षेला बसावं लागतं.

"जवळजवळ उभं" याबद्दल: वारा पडलेला असताना व्ही-१७३ ला सुमारे ६० मीटर धावपट्टी पुरायची. समोरून ताशी ४०-४५ किलोमीटरचा वारा असला तर ते धावण्याआधीच उचलायचं. हे लाकडी विमानाचं, कागदावरचं नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

दाबोळीला आयएनएस हंसावर सी हॅरिअरच्या (जागच्या जागी उभं उतरू शकणारं नौदलाचं जेट) देखभालीत वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

तो वाऱ्याचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. विमानवाहू जहाज उड्डाणाच्या वेळी मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर वळतं आणि वेग धरतं. वारा अजिबात नसला तरी जहाजाच्या वेगाचा ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा डेकवर असतोच. म्हणजे वातकुक्कुट सांगतायत ती परिस्थिती समुद्रात रोजची. नौदलाला यात रस का होता ते मला पहिल्या वाक्यात कळलं.

पण डेकवर दुसराही हिशोब असतो, जागेचा. विमान उडतं तेवढाच वेळ उडतं, बाकी वेळ ते उभं असतं आणि कुणाच्या तरी वाटेत असतं. कॉर्सेअरचा विस्तार साडेबारा मीटर, पण पंख दुमडले की पाच मीटर आणि थोडं. एक्सएफ५यू जवळपास दहा मीटर रुंद, आणि थाळी दुमडत नाही. हँगरमध्ये एकाच्या रुंदीत जवळजवळ दोन कॉर्सेअर मावली असती. आखूड डेकवरून उडणारं विमान हँगर भरून टाकत असेल तर कमांडर कपाळाला हात लावेल.

हॅरिअर २०१६ मध्ये निवृत्त झालं. तेही सावकाश उतरायच्या हट्टापायी बरंच काही गमावणारं विमान होतं: इंधन, वजन, वेग. फुकट काही मिळत नाही. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात हॅरिअर ठेवलंय, गोव्याला गेलात तर फक्त बीचवर लोळू नका.

उनाड_पतंग

काका, बीचवर लोळलं की विमान येऊन उलटं होतं हे वरच वाचलं. 😀

डॅलसची_मावशी

अय्या, हे विमान आमच्या गावात आहे! लव्ह फील्ड विमानतळाला लागून फ्रंटिअर्स ऑफ फ्लाइट नावाचं संग्रहालय आहे, तिथे. भारतातून सासूसासरे आले होते, ऊन मी म्हणत होतं, बाहेर कुठे नेणार, म्हणून तिथे नेलं.

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. फोटोत ते गोल दिसतं. समोर उभं राहिलं की गोलपणा कळतच नाही, कारण ते वर तोंड करून उभं असतं आणि आपल्याला त्याचं पोटच दिसतं. पोट चंदेरी, पाठ पिवळी. प्रोपेलरची पाती लाकडी, आणि इतकी उंच की सासरे मान मागे टाकून बघत होते. पाय मात्र इतके बारीक की "हे याच्यावर उतरायचं?" असं त्यांनी तीनदा विचारलं. नाकाखालच्या त्या काचा दिसल्या. तेव्हा मला वाटलं सामान ठेवायची जागा असेल, आज कळलं की धावपट्टी बघायला.

तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की विमान मूळ स्मिथसोनियनचं आहे, इथे उसनं आहे. व्हॉट कंपनी युद्धानंतर डॅलसला आली, म्हणून तिथल्या निवृत्त कामगारांनी ग्रँड प्रेअरीच्या कारखान्यात कैक वर्षं खपून ते नीट केलं. २०१२ मध्ये काम पुरं झालं. सगळं कापड नवीन चढवलंय. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते त्या आजोबांशी मराठी-हिंदी-इंग्रजीत अर्धा तास बोलत होते, दोघांना काय कळलं देव जाणे, पण निघताना दोघंही खूश होते.

वातकुक्कुट

@डॅलसची_मावशी, हेवा वाटतोय. पुढच्या खेपेला मागच्या बाजूचे, पंखापासून दोन्हीकडे निघालेले छोटे पंख बघा. ते अख्खेच्या अख्खे हलतात. दोन्ही एकाच दिशेने हलले तर नाक वरखाली, उलटसुलट हलले तर विमान कलतं. नेहमीच्या विमानात ही कामं दोन वेगळे भाग करतात.

कोरांटी

हे सगळं जर्मनांनी आधीच केलं होतं ना? हिटलरच्या उडत्या तबकड्यांवर एक लांबलचक व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेने युद्धानंतर ते तंत्रज्ञान उचललं असं त्यात होतं.

वातकुक्कुट

@कोरांटी, तारखा बघितल्या तरी ते टिकत नाही. झिमरमनचे गोल पंखांचे प्रयोग १९३२-३३ चे, विमान १९४२ मध्ये उडालेलं. युद्धानंतर उचलायला उरलं काय?

जर्मनीत एक गोल विमान खरोखर होतं. आर्थर साक नावाच्या शेतकऱ्याचं. त्याने १९३९ मध्ये लाइपझिगला मॉडेल विमानांच्या स्पर्धेत गोल पंखाचं मॉडेल आणलं. ते धड उडेना, शेवटी हाताने भिरकावलं तेव्हा उडालं. तिथे हजर असलेल्या उडेटने, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या तांत्रिक खात्याच्या प्रमुखाने, त्याला काम चालू ठेवायला सांगितलं. पुढे साकने माणूस बसेल असं एएस-६ बांधलं, बरेचसे भाग इतर विमानांतून काढलेले. १९४४ मध्ये ब्रांडिसच्या धावपट्टीवर ते धावलं, एकदा थोडं उचललं, एका अंगाला कललं, आणि वैमानिकाने हात जोडले. हीच त्या व्हिडिओतली तबकडी. टोकाचे प्रोपेलर नाहीत, भोवऱ्याचा विचार नाही. नुसता गोल आकार म्हणजे झिमरमनची कल्पना नव्हे.

अमेरिकेत झिमरमनच्याच सुमाराला इंडियानातल्या साउथ बेंड इथे क्लॉइड स्नायडर नावाचा पायांचा डॉक्टर होता. बुटात घालायची टाचेची फेल्टची चकती त्याने सहज हवेत फेकली, ती छान तरंगत गेली. त्यावरून त्याने टाचेच्या आकाराचं विमान बांधलं, आरुप. ते १९३० च्या दशकात चांगलं उडायचं. हा माझा खास आवडता माणूस आहे.

शंकेखोर

तबकड्यांचा विषय निघालाच आहे तर: कनेक्टिकटमधल्या लोकांनी युद्धकाळात हे विमान बघून पोलिसांना कळवलं होतं असं वाचलंय. आणि केनेथ आर्नल्डने माउंट रेनिअरजवळ ज्या वस्तू पाहिल्या, ज्यातून "फ्लाइंग सॉसर" हा शब्द निघाला, ती तारीख २४ जून १९४७. नौदलाने प्रकल्प बंद केला मार्चमध्ये. तीन महिन्यांचं अंतर. लोकांनी दोन अधिक दोन केले तर दोष कुणाला द्यायचा?

वातकुक्कुट

दोष कुणालाच नाही, पण दोन अधिक दोन इथे जुळत नाहीत. एकच लाकडी विमान, जास्तीत जास्त वेग ताशी २२२ किलोमीटर, आणि त्याचं शेवटचं उड्डाण ३१ मार्च १९४७ चं. धातूचं कधी नीट उडालंच नाही. आर्नल्डने नऊ वस्तू पाहिल्या, त्याही देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या अंदाजाने आवाजापेक्षा वेगात. त्याने काय पाहिलं मला माहीत नाही, हे नव्हतं.

तारखांकडे लक्ष गेलं का? मोठ्या विमानाचा प्रकल्प १७ मार्चला बंद, आणि छोटं त्यानंतरही दोन आठवडे उडत होतं.

गिअरबॉक्स_चिंचवड

मी माझा मुद्दा सोडलेला नाही. प्रोपेलर "वेळेत आले नाहीत" असं वातकुक्कुट म्हणतात. का आले नाहीत?

विमान नाक वर करून उडतं तेव्हा प्रोपेलरही कललेला असतो. खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात भेटतं, वर जाणारं कमी. एकाच फेऱ्यात एका पात्यावर भार वाढतो, कमी होतो, परत वाढतो. सेकंदाला कित्येक वेळा. तो सगळा हादरा हब, शाफ्ट, गिअर, बेअरिंग असा उतरत सांगाड्यात येतो. साधं विमान क्षणभर नाक वर करतं आणि सुटतं. हे विमान नाक वर करून राहण्यासाठीच बांधलेलं.

वातकुक्कुट

इथे तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यांनाही हे कळलं होतं. हीच अडचण हेलिकॉप्टरला पुढे जाताना येते, आणि तिथला उपाय म्हणजे पाती बिजागरीवर बसवणं, म्हणजे भार वाढला की पातं थोडं झुकतं. व्हॉट आणि सिकॉर्स्की तेव्हा एकाच कंपनीत होते, स्ट्रॅटफर्डलाच सिकॉर्स्कीचं हेलिकॉप्टर उडत होतं. एक्सएफ५यू च्या खास प्रोपेलरला चार पाती, समोरासमोरची पाती जोडीने बांधलेली. एक पुढे झुकलं की समोरचं तेवढंच मागे. कागदावर फार देखणं. पण हे बनवणारी माणसं आणि यंत्रं युद्धात कॉर्सेअरवर लागलेली. रोज लागणाऱ्या विमानापुढे प्रयोगाला कोण विचारतो?

दर्यावर्दी_निवृत्त

आणि ते बरोबरच होतं. पॅसिफिकमध्ये पोरं मरत असताना कॉर्सेअरचं उत्पादन आधी.

कोरांटी

विमान मोडलं ते कसं? संग्रहालयाला देता आलं असतं की.

वातकुक्कुट

सरकारी हुकूम म्हणजे हुकूम. एक्सएफ५यू दोन बांधली होती. एक ताकदीच्या चाचण्यांमध्ये वजनं लादून लादून संपवलं, दुसरं उडण्यासाठीचं. ते मोडायला इमारती पाडायचा लोखंडी गोळा आणला, आणि तो सुरुवातीला आपटून परत यायला लागला. कातडी मेटलाइटची होती: अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवलेलं. हलकं आणि भयंकर ताठ. बरीच मेहनत घेतल्यावर ते मोडलं. छोटं तेवढं वाचलं.

उनाड_पतंग

झिमरमनचं पुढे काय झालं?

वातकुक्कुट

१९४८ मध्ये नाकात परत. तिथे त्याने आणखी एक अचाट गोष्ट काढली: उडत्या पाटावर माणूस उभा राहील आणि नुसतं अंग झुकवून तो चालवेल, सायकलवर तोल सावरतो तसा. १९५० च्या दशकात हिलर आणि डी लॅकनर या कंपन्यांनी त्यावरून सैन्यासाठी खरेच उडते पाट बांधले. उडाले, पण सैन्याने घेतले नाहीत.

आडवा शाफ्ट आजच्या व्ही-२२ ऑस्प्रेमध्ये (पंखांच्या टोकांवरचे रोटर वर वळवून उभं उडणारं विमान) आहे, त्याच कारणासाठी: एक इंजिन गेलं तर दुसऱ्याने दोन्ही रोटर फिरवावेत. टोकावर भोवऱ्याच्या उलट फिरणारे प्रोपेलर नासाने एक्स-५७ या विजेच्या विमानासाठी घेतले होते. ते २०२३ मध्ये न उडताच बंद झालं. कारणं वेगळी होती, पण ही कल्पना घेतली की विमान हँगरातच राहतं असा योग दिसतो.

गिअरबॉक्स_चिंचवड

विजेची मोटर थेट टोकावर बसवली की शाफ्ट नको, बेव्हल नको, निळा रंग नको. झिमरमन ऐंशी वर्षं लवकर जन्मला एवढं कबूल करतो. धंदा बुडेल आमचा, पण कबूल.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. जेटमुळे हे बंद झालं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग व्हॉटचं स्वतःचं जेट कसं निघालं?

वातकुक्कुट

वाईट. एफ६यू पायरेट, पहिलं उड्डाण ऑक्टोबर १९४६. इंजिन कमी ताकदीचं, म्हणून अमेरिकन नौदलात पहिल्यांदाच आफ्टरबर्नर (मागच्या झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) जोडला, तरी भागेना. नमुने सोडले तर ३० विमानं बांधली आणि १९५० मध्ये नौदलाने ती लढाईच्या उपयोगाची नाहीत म्हणून बाजूला काढली. त्या आधीच, जुलै १९४६ मध्ये, मॅकडॉनेलचं फँटम जेट रूझवेल्ट जहाजाच्या डेकवरून उडून परत त्यावरच उतरलं होतं. नौदलाची नजर तिकडे गेली ती व्हॉटमुळे नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

म्हणजे प्रोपेलरवालं उडू दिलं नाही, आणि जेट उडून उपयोग झाला नाही. तरी कंपनी टिकली, कारण कॉर्सेअर १९५३ पर्यंत बनत होतं. साक आणि आरुपवर वेगळा धागा काढा, तो टाचेचा डॉक्टर मलाही आवडला.